‘मेमेंटो’ उलटा का चालला, आणि तुमची पतसंस्थेची गोष्ट उलटी का चालणार नाही

तुमचा प्रश्न असा: हातात एक नऊ पानांची कथा आहे, हक्क रीतसर घेतलेत. तालुक्याच्या गावातली पतसंस्था, वीस वर्षं वह्या सांभाळणारा कारकून, तिजोरीतली तूट आणि एक खून. यातून दोन तासांचा निओ-न्वार सिनेमा करायचाय (‘न्वार’ म्हणजे गुन्हा, फसवणूक आणि फसत जाणारी माणसं यांचे काळे सिनेमे, ‘निओ-न्वार’ त्यांचा नवा अवतार), आणि तो ‘मेमेंटो’सारखा उलट्या क्रमाने सांगावा असं डोक्यात आहे. मूळ कथेतलं ‘मेमेंटो’त नेमकं किती आलं आणि तो क्रम तिथे कशामुळे चालला, हे तुम्ही विचारलंय.

मी संकलक आहे. बावीस वर्षं एडिटवर बसलोय, त्यामुळे हे उत्तर पटकथेच्या बाजूने कमी आणि संकलनाच्या टेबलाच्या बाजूने जास्त येईल. निकाल आधीच सांगून टाकतो: उलटा क्रम घेऊ नका. ‘मेमेंटो’कडून घ्यायची गोष्ट वेगळी आहे, आणि तुमच्या नऊ पानांत ती आयती पडलेली आहे.

१९९६ च्या जुलैत ‘मेमेंटो’चा दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन आणि त्याचा धाकटा भाऊ जोनाथन शिकागोहून लॉस एंजेलिसला गाडीने निघाले होते. जोनाथनला मानसशास्त्राच्या वर्गात एका आजाराची माहिती मिळाली होती: जुनं सगळं आठवतं, नवं काहीच टिकत नाही. बायकोच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेल्या माणसाला हाच आजार असेल तर, ही कल्पना त्याने त्या प्रवासात भावाला सांगितली. पुढे दोघांनी आपापलं लिहिलं. एकाने कथा, दुसऱ्याने पटकथा. ‘मेमेंटो’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला तो सप्टेंबर २००० मध्ये, आणि ‘मेमेंटो मोरी’ ही कथा ‘एस्क्वायर’ मासिकात छापून आली ती मार्च २००१ मध्ये. म्हणजे सिनेमा आधी आणि कथा नंतर. श्रेयनामावलीत कथेचा उल्लेख असूनही ऑस्करला सिनेमाचं नामांकन मूळ पटकथेच्या विभागात झालं, रूपांतरित पटकथेच्या नाही, त्याचं कारण हेच. तुमची कथा छापलेली आहे, त्यामुळे तुम्हाला ही पळवाट नाही.

आता कथेतलं किती आलं? मोजायला बसलात तर फारच थोडं. कथेतल्या माणसाचं नाव अर्ल. तो इस्पितळाच्या खोलीत जागा होतो, भिंतीवर त्याने स्वतःसाठीच लिहून लावलेल्या चिठ्ठ्या असतात. कथा दोन आवाजांत चालते: एका तुकड्यात अर्लला बाहेरून पाहिलेलं, दुसऱ्यात त्यानेच स्वतःला लिहिलेलं पत्र, काहीसं टोचणारं, काहीसं फिलॉसॉफी झोडणारं. अंगावर गोंदलेला मजकूर आहे, सूड आहे. शेवटी, काम झालंय हे विसरायच्या आत लिहून ठेवायला त्याला पेन सापडत नाही. बस. सिनेमाच्या नायकाभोवती, लेनर्डभोवती, घुटमळणारा टेडी नाही, त्याला वापरून घेणारी नॅटली नाही, तो ज्याची हकिगत सांगत असतो तो सॅमी जँकिस नाही, एकाच गिऱ्हाइकाला दोन खोल्या भाड्याने देणारा मोटेलवाला नाही. सिनेमात ज्या माणसांवरून आपण वाद घालतो ती सगळी पटकथेत जन्मली.

मग आलं काय? कथेचा आजार आला. आजार म्हणजे विस्मरण एवढंच म्हणत नाही मी. कथा ज्या अडचणीवर उभी आहे ती अडचण: या क्षणाच्या मागचा क्षण ज्याला माहीत नाही, त्याने स्वतःच्याच हस्ताक्षरावर किती भरवसा ठेवायचा? जोनाथनने ती अडचण दोन आवाजांत मांडली. कागदावर ते जमतं, कारण वाचणारा मागचं पान उलटून बघू शकतो. थिएटरात मागचं पान नसतं. तेव्हा मोठ्या भावाने तीच अडचण सीनच्या क्रमात बसवली.

लघुकथेवरून सिनेमा करणाऱ्यांना मी नेहमी ‘द किलर्स’चं उदाहरण देतो. हेमिंग्वेची १९२७ ची कथा एवढीशी आहे. दोन मारेकरी एका खाणावळीत येतात, एका माणसाची वाट बघतात. कुणीतरी धावत जाऊन त्या माणसाला सावध करतो, पण तो पलंगावर पडून राहतो, पळत नाही. कथा जवळपास तिथेच संपते. रॉबर्ट सिऑडमॅकच्या १९४६ च्या सिनेमात ही अख्खी कथा सुरुवातीच्या काही मिनिटांत उरकते. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे कथेने न दिलेलं उत्तर: तो पळाला का नाही? ते शोधत जाणारा माणूस पोलीस नाही, विमा कंपनीचा तपासनीस आहे. लेनर्ड शेल्बीही त्याच्यावर हल्ला होण्याआधी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायचा, हे आठवून बघा. न्वारमध्ये विम्याची माणसं इतकी का येतात यावर कुणीतरी लिहायला हवं. माणूस खोटं बोलतोय का हे ओळखणं हाच ज्याचा धंदा, तो स्वतःला फसवतो तेव्हा बघायला मजा येते, एवढं कारण मला पुरतं.

सिऑडमॅकने कथेचा अनुत्तरित प्रश्न उचलला, नोलनने कथेची अडचण. घटना दोघांनीही जवळपास सोडून दिल्या. नऊ पानांतल्या घटना ताणून दोन तास भरायचा प्रयत्न केलात तर मधला तासभर कारकून नुसता चहा पीत बसलेला दिसेल.

आता क्रमाकडे येऊ. ‘मेमेंटो’ उलटा आहे असं सगळे म्हणतात, पण शब्दशः उलटं त्यात एकच दृश्य आहे, पहिलं. पोलरॉइड फोटो हळूहळू फिका होत कोरा होतो, रक्त मागे जातं, गोळी पिस्तुलात परतते. त्यानंतर प्रत्येक सीनच्या आत काळ सरळच चालतो, फक्त सीन लावलेत उलटे. आणि तेही सगळे नाहीत. रंगीत तुकडे शेवटाकडून सुरुवातीकडे येतात. कृष्णधवल तुकडे, ज्यांत लेनर्ड मोटेलच्या खोलीत फोनवर कुणाशी तरी बोलत असतो, ते सुरुवातीकडून सरळ पुढे जातात. दोन्ही प्रकारचे बावीस-बावीस तुकडे, एकाआड एक. दोन टोकांनी खणत आणलेला बोगदा मधे जुळावा तसे ते अगदी शेवटी जुळतात: कृष्णधवल सीनमध्ये लेनर्ड त्यानेच मारलेल्या जिमीच्या प्रेताचा फोटो काढतो, फोटो उमटत जातो आणि त्याच्याबरोबर पडद्यावर रंग येतो. म्हणजे सिनेमाचा शेवट हा गोष्टीचा मध्य आहे. हे कळलं की ‘उलटा सिनेमा’ हा शब्द किती अपुरा आहे ते लक्षात येतं.

हे प्रेक्षकाला पेलतं कसं? उत्तर शिलाईचं आहे. शिंपी कापड बेतताना शिवणीसाठी थोडी माया सोडतो. डोडी डॉर्नच्या संकलनात प्रत्येक रंगीत तुकड्याच्या शेवटी अशी माया आहे: आधी दिसलेल्या तुकड्याची सुरुवात तिथे काही सेकंद पुन्हा येते. तेवढ्यावर प्रेक्षक ओळखतो, अच्छा, हे त्याच्या आधीचं होतं. आणि त्या जागी मुद्दाम लक्षात राहील असं काहीतरी ठेवलेलं असतं. लेनर्ड एका बाथरूममध्ये हातात दारूची बाटली घेऊन बसलाय. दारू चढल्यासारखी तर वाटत नाही, असं तो स्वतःशी म्हणतो आणि अंघोळीला जातो. आपण हसतो. पुढच्या रंगीत तुकड्यात कळतं, की बाटली डॉड नावाच्या माणसाच्या डोक्यात घालायला घेतली होती आणि दबा धरून बसल्या-बसल्या तो ते विसरला. विनोद आणि सांधा, दोन्ही कामं एका बाटलीत. दुसरीकडे तो धावतोय, शेजारून आणखी एक माणूस धावतोय. याला वाटतं मी त्याचा पाठलाग करतोय, तेवढ्यात समोरून गोळी येते. हे सांधे लिहितानाच ठरवावे लागतात. संकलकाने नंतर शोधून मिळत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतोय.

तो अनुभवही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी चाळीस मिनिटांचा एक लघुपट माझ्याकडे आला होता. सरळ लिहिलेला, सरळ शूट केलेला. दिग्दर्शक म्हणाला, टेबलवर उलटा करून बघू. मलाही खुमखुमी होती. आठवडाभर बसलो, लावला. दहा-बारा जणांना दाखवला. पंधराव्या मिनिटाला मागून आवाज आला, “हा कालचाच शर्ट आहे का?” सगळे सीन एकाच पिवळट उजेडातले, कुठल्याच सीनच्या कडेला माया नाही, पुन्हा दाखवावं असं काही घडतच नाही. पुढच्या आठवड्यात मी तो निमूट सरळ केला. फुकट गेलेल्या त्या आठवड्याचे पैसे मी मागितले नाहीत, चूक अर्धी माझी होती.

कृष्णधवल भागाचं काम लोक कमी लेखतात. तिथे प्रेक्षक दम खातो. सॅमी जँकिसची हकिगत, लेनर्डची शिस्त, आजाराचे नियम, ही सगळी जड माहिती त्या फोनवर दिली जाते. फोनवर पलीकडे कोण आहे हे कळत नसल्यामुळे माहितीचा कंटाळा येत नाही. सॅमीच्या गोष्टीतली ती चाचणी आठवा: काही वस्तूंना विजेचा झटका, तरी सॅमी त्याच वस्तू पुन्हा उचलतो. यामागे खरं शास्त्र आहे. हेन्री मोलेसन नावाच्या माणसाची १९५३ मध्ये अपस्माराकरता मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्याची नवी स्मृती संपली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावली. दर दिवशी तो म्हणायचा की हे मी कधी केलेलं नाही, आणि दर दिवशी त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा चांगला चालायचा. डोकं विसरतं, हात शिकतो. सॅमीचा हात शिकत नाही, म्हणून लेनर्ड त्याचा दावा फेटाळायला लावतो. स्वतः मात्र तो सवय आणि शिस्तीच्याच जोरावर जगत असतो. शेवटी टेडी सांगतो, की सॅमीची म्हणून सांगितलेली गोष्ट बरीचशी लेनर्डची स्वतःचीच आहे. खरं-खोटं सिनेमा पक्कं करत नाही. पण सॅमी खुर्चीत बसलाय, समोरून कुणीतरी जातं, आणि डोळ्यांचं पातं लवेपर्यंत त्या खुर्चीत लेनर्ड दिसतो. संकलक म्हणून त्या एवढ्याशा तुकड्याचा मला आजही हेवा वाटतो.

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. नॅटलीचा चेहरा.

नॅटली आपल्याला आधी दिसते ती ओठ फुटलेली, गाल सुजलेला. डॉडने मारलं म्हणते. लेनर्डला तिची दया येते, आपल्यालाही येते, आणि तिच्यासाठी तो डॉडच्या मागे लागतो ते आपल्याला रास्तच वाटतं. मग बऱ्याच वेळाने तिचं घर दिसतं. ती आधी घरातली सगळी पेनं गोळा करून पर्समध्ये टाकते. मग त्याच्या तोंडावर त्याला आणि त्याच्या मेलेल्या बायकोला वाट्टेल ते बोलते, तू हे विसरणारच आहेस असंही सांगते. तो तिला मारतो. ती बाहेर जाऊन गाडीत शांत बसते. लेनर्ड आत पेन शोधतोय, काहीतरी लिहायचंय एवढंच त्याला धरून ठेवता येतंय. गाडीचं दार वाजतं, त्याची तार तुटते. ती आत येते, तोच सुजलेला चेहरा, तेच वाक्य.

हाच प्रसंग सरळ क्रमाने लावून बघा. एक बाई एका आजारी माणसाला फसवते. वाईट वाटतं, संपलं. उलट्या क्रमात फसतो प्रेक्षक. आपण तिच्या बाजूने उभे राहून झालेलो असतो, आपली दया खर्च झालेली असते, आणि ती परत घेता येत नाही. कथेतलं ते हरवलेलं पेन इथे केवढं मोठं झालंय तेही बघा. काही डीव्हीडी आवृत्त्यांत सगळे सीन कालक्रमाने लावलेली प्रतही लपवून ठेवलेली होती. मिळाली तर जरूर बघा. गोष्ट तीच, सीन तेच, आणि सिनेमा निम्म्याने मेलेला.

म्हणून ती रचना चमत्कृती नाही. नायकाला मागचं माहीत नाही, तर प्रेक्षकालाही मागचं माहीत नसलं पाहिजे, आणि ते साधायचा एकच रस्ता होता. ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला संपवलाय, लेनर्डने टेडीला गोळी घातलेली आपण पाहिलीय. उरतो तो ‘हे इथवर आलं कसं’ हा प्रश्न, आणि न्वारचा जीव नेहमीच त्या प्रश्नात असतो. अंधारी गल्ली, पावसात भिजलेली टोपी, सिगारेटचा धूर यांत नसतो. ‘मेमेंटो’ तर बराचसा लॉस एंजेलिसच्या आसपासच्या लख्ख उन्हात, स्वस्त मोटेलांत आणि पार्किंगच्या जागांत घडतो. कॅमेरामन वॉली फिस्टरने ते सगळं २५ दिवसांच्या शूटिंगमध्ये टिपलं. तुमच्या पतसंस्थेत ट्यूबलाइटचा उजेड असेल तर राहू द्या, निळे फिल्टर लावत बसू नका.

‘गजनी’चा विषय निघणारच. मुरुगदास यांनी तमिळमध्ये २००५ साली आणि हिंदीत २००८ साली केलेला सिनेमा. त्याने ‘मेमेंटो’तून टॅटू घेतले, पोलरॉइड घेतले, थोड्या मिनिटांत पुसली जाणारी आठवण घेतली. क्रम घेतला नाही, डायरीतून उलगडणारा लांबलचक फ्लॅशबॅक घेतला. आपल्याकडचे काही जाणकार त्याला नाकं मुरडतात, मी नाही मुरडत. त्या सिनेमाला प्रेमकथा सांगायची होती आणि खलनायक खराच खलनायक हवा होता. सूड योग्य माणसावर घेतला जातो, प्रेक्षक मोकळा होऊन घरी जातो. फक्त त्याला न्वार म्हणू नका. लेनर्ड शेवटी शुद्धीत, ठरवून, टेडीच्या गाडीचा नंबर पुढचा पुरावा म्हणून लिहून ठेवतो, कारण सूड संपला तर जगायला काही उरणार नाही. ते विष काढून टाकलं की सामान तेच राहतं आणि औषध बदलतं.

तर तुमचा कारकून. त्याला सगळं आठवतंय. वीस वर्षांतला एकेक आकडा पाठ आहे. अशा माणसाची गोष्ट उलटी सांगितलीत तर तुम्ही प्रेक्षकापासून माहिती लपवताय, एवढंच होईल. नायकाला माहीत असलेलं दिग्दर्शकाने दडवलं की प्रेक्षकाला राग येतो, आणि तो रास्त असतो.

तुम्ही पाठवलेल्या सारांशात एक वाक्य सहज येऊन गेलंय: तो घरी एक वेगळी वही ठेवतो. तुमच्या कथेचा आजार तो आहे. पक्की वही संस्थेत, कच्ची घरी. एकच दिवस दोनदा लिहिणारा माणूस. मग सिनेमाचा आकारही तोच असू द्या. रोजकीर्द जशी तारखेवार चालते तसा सरळ चाला, ३१ मार्चकडे. हिशेब बंद व्हायची तारीख यापेक्षा चांगली घटका न्वारला मिळणार नाही. फक्त आधी जे दिवस दाखवाल ते पक्क्या वहीतले असतील, आणि प्रेक्षकाला ते खरे वाटतील. अमुक दिवशी अमुक बाईने ठेव मोडली, कारकुनाने तिला पाणी दिलं, पैसे मोजून दिले, ती रडत गेली. पुढे कधीतरी तोच दिवस कच्च्या वहीतून. ती रडत का गेली ते तिथे कळू द्या. नॅटलीच्या चेहऱ्याचं जे काम तिथे, ते या बाईच्या रडण्याचं काम इथे. आपण कारकुनाला भला माणूस मानून बसलेलो असू, आणि ती ठेव आपल्याला परत मिळणार नाही.

माया सोडायला विसरू नका. दोन्ही दिवसांत एकच वस्तू, एकच आवाज हवा. पाण्याचा पेला, शिक्क्याचा ठोका, काहीही. ते शूटिंगच्या आधी कागदावर आलं पाहिजे आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या बाजूने शूट झालं पाहिजे. कॅमेरामन म्हणेल की एकदा घेतलंय, तेच वापरू. त्याचं ऐकू नका.

सीनची कार्डं करताना पांढरी आणि पिवळी अशी दोन रंगांत करा आणि भिंतीवर लावा. सलग तीन पिवळी दिसली की समजा तुम्ही प्रेक्षकाला समजावून सांगायला लागलात. आणि कारकून पक्क्या वहीत शाईने लिहितो, कच्च्या वहीत कशाने लिहितो ते आजच ठरवून टाका. पेन्सिल असेल, तर त्याच्या घरातलं खोडरबर किती झिजलंय हे पहिल्या वीस मिनिटांत एकदा दिसायला हवं.